आयएलएफ रायझरवर लाँगबो लिम्ब चढवले, आता सगळे बाण डावीकडे जातायत

पोफळीखाली (सावईवेरे)
२ मे, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी.

तीन वर्षं एकाच टेकडाऊन (भाग सुटे करता येतात अशा) धनुष्यावर सराव करतोय. १९ इंचांचा धातूचा आयएलएफ (अनेक कंपन्यांचे लिम्ब बसतात त्या मानकाचा) रायझर, म्हणजे मधली मूठ, आणि मीडियम रीकर्व्ह लिम्ब, म्हणजे टोकाला उलटे वळलेले दांडे, मिळून ६२ इंच. साईट नाही, स्टॅबिलायझर नाही. पिसांचे बाण, सरळ शेल्फवरून, म्हणजे रायझरवरच्या बाण टेकवायच्या जागेवरून. उजव्या हाताने ओढतो, नॉकच्या (बाणाच्या मागच्या खाचेच्या) वर एक बोट आणि खाली दोन. कुळागराच्या (सुपारीच्या बागेच्या) वरच्या अंगाला १८ मीटरची मोकळी पट्टी आहे, तिच्या टोकाला पेंढ्याचे भारे रचून निशाण उभं केलंय. रोज पहाटे साठेक बाण होतात.

लाँगबो, म्हणजे टोकं न वळलेलं लांब धनुष्य, हातात धरायची इच्छा फार दिवसांची. वेगळं धनुष्य घ्यायला पैसे नव्हते, म्हणून याच रायझरला बसणारे लाँगबो लिम्ब मागवले. तेही ६२ इंचच होतात. दोन्ही जोड्यांवर ३६ पौंड छापलेलं आहे. मला वाटलं, लिम्ब बदलायचे आणि मारत सुटायचं.

तसं काही झालं नाही. जुनीच दोरी चढवली तर ब्रेस हाइट (चढवलेल्या दोरीचं मुठीपासूनचं अंतर) सव्वानऊ इंच आली. सोडताना धनुष्याच्या हाताला मनगटापर्यंत हिसका बसतो. आणि बाण सगळे डावीकडे, १८ मीटरवर चांगले वीतभर. गट मात्र घट्ट आहे, म्हणजे सुटका बिघडलेली नाही असं मला वाटतं. शिवाय ओढायला हे लिम्ब इतके हलके लागतात की दोन्हींवर ३६ लिहिलंय यावर विश्वास बसत नाही.

लिम्बमध्ये दोष आहे का? परत पाठवू का?

मांडवीपार (डिचोली)
२ मे, रात्री १०.१५

पोफळीखाली बाब, लिम्ब परत पाठवू नका. त्यात काही बिघाड असेल असं वाटत नाही. पण त्या दोरीवर आता एकही बाण मारू नका, उद्या पहाटेसुद्धा नाही.

तुमची दोरी रीकर्व्हची आहे. रीकर्व्हला धनुष्याच्या लांबीपेक्षा ४ इंच आखूड दोरी लागते आणि लाँगबोला ३ इंच. म्हणजे ६२ इंचांच्या रीकर्व्हला ५८ आणि ६२ इंचांच्या लाँगबोला ५९. धनुष्याची लांबी सारखी असली तरी दोरी सारखी नसते. कारण साधं आहे. रीकर्व्ह चढवल्यावर दोरी टोकाच्या वळणावर काही इंच टेकून बसते, लाँगबोची दोरी फक्त लिम्बच्या टोकावरच्या नॉकच्या खाचेत असते, बाकी कुठेच लिम्बला लागत नाही.

एका इंचाने काय होतं ते तुम्हीच मोजलंत. दोरी एक इंच आखूड झाली की ब्रेस दोन-सव्वादोन इंच वर चढते. अशा लाँगबोला साधारण साडेसहा ते साडेसात इंच ब्रेस लागते. तुमचे लिम्ब नुसते चढवून ठेवले तरी हवे त्यापेक्षा जास्त वाकलेले आहेत, पुढे ओढल्यावर आणखी वाकतात. हँडशॉकचा, म्हणजे त्या हिसक्याचा, मोठा भाग तिथूनच येतोय.

५९ इंचांची फ्लेमिश (धागे पिळून फासे केलेली) दोरी करून घ्या. मागवताना नुसतं '६२' सांगू नका, '६२ इंचांचा लाँगबो' असं सांगा. डेक्रॉन धाग्याची घेतलीत तर ती पहिल्या शंभरेक बाणांत ताणते, तेव्हा सात इंच ब्रेसने सुरुवात करून पीळ वाढवत जागेवर आणा. ब्रेस कमी करायची म्हणून फ्लेमिश दोरीचा सगळा पीळ कधी सोडू नका, तिचे फासे पिळावरच धरून असतात.

डावीकडे जाण्याचं नंतर पाहू. दोरी बरोबर झाल्याशिवाय बाणाबद्दल काही ठरवण्यात अर्थ नाही.

साळावली (सांगे)
३ मे, सकाळी ७.०५

दोरीबद्दल वर लिहिलंय त्याला पूर्ण दुजोरा. मला त्या ३६ आकड्याबद्दल विचारायचंय. लिम्बच्या आतल्या बाजूला नुसतं ३६ आहे की पुढे रायझरची लांबीही लिहिलीय? नीट बघा, बहुतेक बारीक अक्षरात असेल.

पोफळीखाली
३ मे, दुपारी १.२०

बघितलं. रीकर्व्हवर '६८ इंच, ३६ पौंड'. लाँगबोवर '१७ इंच रायझर, ३६ पौंड'. ६८ कशाला लिहिलंय हे मला आजवर कळलं नव्हतं. माझं धनुष्य तर ६२ चं आहे.

साळावली
३ मे, रात्री ८.५०

तुमचं कोडं इथे सुटलं.

आयएलएफ रीकर्व्ह लिम्बवरचा आकडा बहुतेक वेळा २५ इंचांच्या रायझरवर, २८ इंच ओढून मोजलेला असतो. २५ च्या रायझरवर मीडियम लिम्ब लावले की ६८ इंच होतात, तेच ते ६८. तेच लिम्ब आखूड रायझरवर आणले की तेवढ्याच ओढीला लिम्बना जास्त वाकावं लागतं, त्यामुळे पौंड वाढतात. ढोबळ हिशेब रायझरच्या इंचामागे एक पौंड. तुमचा रायझर १९ चा, म्हणजे ६ इंच आखूड. तुमचे '३६' प्रत्यक्षात २८ इंचांना ४२ च्या आसपास आहेत.

लाँगबो लिम्बचं उलट. ते १७ वर मोजलेत आणि तुम्ही १९ वर लावलेत, म्हणून दोनेक पौंड कमी होऊन ३४ च्या आसपास. दोन्हींवर ३६ छापलेलं असूनही मधे ८ पौंडांचं अंतर. तुम्हाला हलके लागतात ते उगाच नाही.

पण माझ्या अंदाजावर राहू नका, मोजा. विमानाची बॅग तोलायचा हुकाचा डिजिटल काटा मडगाव-पणजीत कुठेही मिळतो. एका बाणावर तुमच्या ओढीची खूण करा, बाण नॉकला लावून ठेवा, हुक नॉकिंग पॉइंटखाली (दोरीवर बाण लावायच्या खुणेखाली) दोरीत अडकवा, आणि काटा हळूहळू ओढत खूण आली की आकडा वाचा. ओढ धरताना ग्रिपच्या सर्वांत खोल जागेपासून दोरीपर्यंतचं अंतर घ्या आणि त्यात पावणेदोन इंच मिळवा. प्रमाण पद्धत हीच आहे. बाणाच्या टोकापर्यंत मोजणारे इथेच फसतात.

दुसरं माणूस हाताशी असू द्या, आणि काट्याचा हुक निसटणार नाही ना ते आधी बघा. बाण न लावता ओढलेली दोरी सुटली तर एका झटक्यात लिम्ब फुटू शकतात.

बाणावलीची
४ मे, सकाळी ६.३०

या छापील आकड्याने माझा खांदा गेला होता, म्हणून लिहितेय.

मी ऑलिम्पिक पद्धतीच्या रीकर्व्हवर शिकले, २५ चा रायझर, ३० पौंड. पुढे साईट वगैरे सगळं सोडून साधं मारावंसं वाटलं आणि १७ चा रायझर घेतला. विक्रेत्याने सांगितलं, तुमचेच लिम्ब यावर बसतील, पौंड तेवढेच राहतील. बसले, पण पौंड तेवढे राहिले नाहीत. ते जवळजवळ ३८ झाले आणि मला ते दोन महिने कळलंच नाही. ओढ कमी पडायची, मी स्वतःला दोष द्यायचे आणि आणखी जोर लावायचे. शेवटी उजवा हात केस बांधायलाही वर जाईना. पाच महिने सराव पूर्ण बंद होता.

बरी झाल्यावर मी मुद्दाम हलके लाँगबो लिम्ब घेतले, काट्यावर २६ पौंड भरणारे. त्यांच्यावरच पाठीने ओढायला नव्याने शिकले. त्यामुळे पोफळीखाली, तुमचे लाँगबो लिम्ब हलके निघाले याचं वाईट वाटून घेऊ नका. ते फार उपयोगाचे ठरतील.

दोडामार्गी
४ मे, रात्री ९.३०

मी सुतार माणूस, एकसंध लाकडी धनुष्यं घासतो. माझ्या मते धातूच्या रायझरला जोडलेले लिम्ब म्हणजे लाँगबो नव्हे, आणि हे मी कुणाला दुखवायला म्हणत नाही. एकसंध धनुष्यात मूठसुद्धा किंचित जिवंत असते. मधे जड धातू आला की तो अनुभव येत नाही.

तरी या धाग्यात एक सांगावंसं वाटतं, की दोन्ही आकार आपल्याला परके नाहीत. सिकंदराच्या स्वारीच्या वर्णनात हिंदुस्थानी पायदळाचं धनुष्य माणसाच्या उंचीएवढं असल्याचं लिहिलंय. एक टोक जमिनीवर टेकवून डाव्या पायाने दाबत ते ओढत. म्हणजे लांब, सरळ दांड्याचं धनुष्य. आणि विष्णूच्या धनुष्याला शार्ङ्ग म्हणतात तो शब्द शृंगावरून आला, शिंगाचं ते. शिंग, लाकूड आणि स्नायूंचे तंतू सरसाने चिकटवून केलेली उलट्या वळणाची धनुष्यं मुघलकाळापर्यंत इथे होत होती. तिकडे इंग्लंडात १५४५ साली बुडालेलं मेरी रोझ जहाज १९८२ मध्ये वर काढलं, त्यात यू लाकडाची शंभरावर लांब धनुष्यं मिळाली. ज्या प्रदेशात जे मिळालं त्यातून माणसाने धनुष्य केलं. आमच्याकडे वेळू मिळाला, आम्ही वेळूचं केलं.

मांडवीपार
५ मे, सकाळी ६.५०

दोडामार्गी, तुमच्या धनुष्यांबद्दल मला आदर आहे, पण इथे असहमत. वर्ल्ड आर्चरी या जागतिक संघटनेच्या नियमातही लाँगबोची खूण हीच धरतात, की चढवल्यावर दोरी नॉकच्या खाचांशिवाय कुठेही टेकता कामा नये. लिम्बचं वागणं त्या एका गोष्टीने बदलतं. मूठ कशाची आहे हा पुढचा प्रश्न. अर्थात स्पर्धेत उतरायचं असेल तर आयोजकांकडून त्या गटाचे नियम आधी मागून घ्यावेत. लाँगबो गटात बाणही लाकडी लागतात, कार्बन चालत नाहीत.

आणि शिकणाऱ्याच्या दृष्टीने एकच मूठ राहण्याचा फायदा मोठा आहे. धनुष्याच्या हाताची सवय मोडत नाही. बदल कुठला जाणवला तर तो लिम्बचाच, हे नक्की सांगता येतं.

पोफळीखाली
१० मे, रात्री १०.०५

सर्वांचे आभार. भावाला बरोबर घेऊन मोजलं. माझी ओढ २७ इंच निघाली.

रीकर्व्ह: २४ इंचांना ३२.५, २६ ला ३७.५, २७ ला ४०.
लाँगबो: २४ ला २४.५, २६ ला २९, २७ ला ३१.५.

साळावलींचा अंदाज तंतोतंत उतरला. तीन वर्षं मी लोकांना '३६ पौंड ओढतो' असं सांगत होतो आणि ओढत होतो ४०.

नवी ५९ ची दोरी आली. ब्रेस सात इंच. हिसका जवळजवळ गेला, आवाजही कमी झाला. रीकर्व्हवर दोरी वळणावर आपटते तो चटका यात नाहीच, इतकं शांत धनुष्य मी पहिल्यांदा मारतोय. पण बाण अजूनही डावीकडेच, आता चार बोटं असतील. बाण ५०० स्पाइनचे (ताठपणाचा आकडा, मोठा म्हणजे बाण मऊ) कार्बन, साडेअठ्ठावीस इंच, टोक १२५ ग्रेन वजनाचं.

साळावली
१० मे, रात्री १०.४०

तर मग उत्तर त्या आकड्यांतच आहे. ५०० चे बाण तुम्ही ४० पौंडांवर जुळवलेले. ३१.५ पौंडांवर तेच बाण ताठ पडतात, म्हणजे रायझरला वळसा घालायला जेवढे वाकायला हवेत तेवढे वाकत नाहीत. उजव्या हाताने ओढणाऱ्याचा ताठ बाण डावीकडे जातो, लवचीक बाण उजवीकडे. डावखुऱ्यांनी हे उलटं वाचावं.

आधी खात्री करून घ्या. दोन बाणांची पिसं काढा आणि दहा मीटरवरून पिसांचे तीन, बिनपिसांचे दोन असे मारा. पिसं चूक झाकतात, बिनपिसांचा बाण ती उघडी करतो. बिनपिसांचे आणखी डावीकडे गेले तर बाण ताठ हे नक्की.

मग सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे टोक जड करणं. १२५ काढून १७५ लावा, बाण थोडा मऊ वागेल. शेल्फच्या बाजूला चामड्याची पट्टी जाड असेल तर पातळ करा, तेवढाच बाण मध्याकडे सरकतो. तरीही पूर्ण जुळेल असं मला वाटत नाही, कारण फरक साडेआठ पौंडांचा आहे. ६०० स्पाइनचे बाण घ्यावे लागतील. आधी कुणाकडून तरी दोन-तीन मागून बघा, डझन विकत घेऊ नका.

बाणावलीची
११ मे, सकाळी ७.१५

माझ्याकडे ६०० चे चार आहेत, एकोणतीस इंचांचे. रविवारी फोंड्याला येणार आहे, घेऊन येते.

नवखा म्हापसा
११ मे, दुपारी ३.३०

मी सगळा धागा वाचला. अजून धनुष्य घेतलेलं नाही. तीन प्रश्न आहेत. पहिल्यापासूनच दोन्ही प्रकारचे लिम्ब घ्यावेत का? कुठल्याही कंपनीचे लिम्ब कुठल्याही रायझरला बसतात का? आणि आमच्या बागेत रानडुकरं फार येतात, त्यांच्यासाठी किती पौंड लागतील?

मांडवीपार
११ मे, रात्री ८.००

तिसऱ्याचं उत्तर आधी देतो. नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार गुन्हा आहे. डुकरांनी बागेचं नुकसान केलं तर वनखात्याकडे अर्ज करा, भरपाईची सोय आहे. धनुष्य पेंढ्यावर आणि कागदावर मारण्यासाठी. या धाग्यावर त्याबद्दल आणखी काही नको.

आता लिम्ब बसण्याचं. टेकडाऊनमध्ये मुख्य दोन जाती. एकात लिम्बला भोक असतं आणि बोल्ट आरपार जाऊन आवळतो. अशा रायझरला त्याच घराण्याचे लिम्ब बसतात, दुसऱ्याचे नाहीत. काही निर्माते त्याच रायझरला रीकर्व्ह आणि लाँगबो दोन्ही जोड्या करतात, पण मग दोन्ही त्याच निर्मात्याच्या घ्याव्या लागतात. दुसरी जात आयएलएफ. लिम्बच्या बुडाला पुढे खाच, मागे छोटा खटका; बोल्टखाली सरकवायचा आणि खटका टक्कन बसतो. हे मानक होयटच्या जुन्या मांडणीवरून रुजलं आणि आज अनेक कंपन्या तेच पाळतात. त्यामुळे एकाचा रायझर, दुसऱ्याचे रीकर्व्ह, तिसऱ्याचे लाँगबो असं जमतं. पण होयटचेच फॉर्म्युला लिम्ब आयएलएफला बसत नाहीत, जुनं सामान घेताना हे विचारून घ्या.

आयएलएफमध्ये दोरी उतरलेली असताना लिम्बला फक्त तो खटका धरून असतो. खरी पकड दोरीच्या ताणानेच येते. म्हणून दोरी चढवण्याआधी दोन्ही लिम्ब पूर्ण आत गेलेत ना, हे डोळ्यांनी बघायचं आणि बोटाने चाचपायचं. लिम्ब बदलणाऱ्याच्या हातून चूक होते ती इथे, घाईत.

पहिल्या प्रश्नाला माझं उत्तर: आधी एक जोडी, २५ ते २८ पौंडांची, तीही काट्यावर मोजलेली. वर्षभर त्यावरच मारा. दुसरी जोडी म्हणजे दुसरं धनुष्य, त्याच भावात मिळालेलं फुकटचं काही नव्हे. तिला तिची दोरी लागते, तिचे बाण लागतात, तिची जुळवणी लागते. मी स्वतः वर्षभर एकाच संचाच्या बाणांवर दोन्ही चालवायचा हट्ट धरला आणि दोन्हीकडे वाईट मारलं.

दोडामार्गी
११ मे, रात्री ९.१०

नवख्याला आणखी एक. तुमच्या म्हापशाकडेही चिऱ्याचे गडगे (कुंपणाच्या दगडी भिंती) असतीलच. चुकलेला कार्बन बाण चिऱ्याला लागला तर वरून धड दिसला तरी तो मारू नका. दोन्ही हातांनी वाकवून, फिरवून बघा, कानाशी धरा. बारीक करकर ऐकू आली, बोटाला तडा लागला, तर मोडून फेका. तडा गेलेला कार्बन सुटताना फुटतो आणि त्याच्या काड्या धनुष्य धरलेल्या हातात घुसतात. मी एका मुलाच्या हातातून काढल्यात. निशाणामागे पेंढ्याची दुसरी रांग ठेवा आणि गडग्यापर्यंत बाण जाऊच देऊ नका.

पोफळीखाली
१८ मे, रात्री ९.२५

बाणावलीची ताई ६०० चे बाण घेऊन आल्या होत्या. १२५ च्या टोकाने थोडे उजवीकडे झुकायचे. एकोणतीस इंचांचे होते म्हणून. त्यांच्या परवानगीने एकाला १०० चं टोक लावलं, तो मधोमध. मी माझे ६०० चे सहा बाण मागवले, साडेअठ्ठावीसला कापून घेईन.

दोन्ही लिम्ब लागोपाठ मारून बघितले आणि ओढीतला फरक आता शब्दांत सांगता येतो. रीकर्व्ह सुरुवातीलाच भरते आणि शेवटी मऊ होते. २६ पासून २७ पर्यंतचा इंच सहज येतो, अँकरला (पूर्ण ओढून हात चेहऱ्याशी टेकतो तिथे) थांबता येतं. लाँगबो आधी अगदी हलका, आणि शेवटच्या इंचात घट्ट होत जातो. पौंड कमी असूनही तिथे थांबावंसं वाटत नाही, सोडावंसं वाटतं.

साळावली
१८ मे, रात्री १०.१०

बरोबर. ओढताना रीकर्व्हचं टोक उलगडतं, जणू लिम्ब लांब होत जातो. दोरी आणि टोक यांच्यातला कोन लवकर काटकोनाकडे जात नाही. लाँगबोला ती सोय नाही, कोन लवकर उघडतो आणि इंचामागचे पौंड वाढत जातात. म्हणून उंच माणसाने, २९-३० ओढणाऱ्याने, लाँगबो लिम्ब ६६-६८ इंच होतील असेच घ्यावेत. तुमच्या २७ ला ६२ पुरतात.

याच वळणामुळे रीकर्व्ह तेवढ्याच पौंडांत जास्त ऊर्जा साठवते आणि बाण वेगाने जातो. पण त्याचं मोलही द्यावं लागतं. रुंद, पातळ, वळलेला लिम्ब पिळला जाऊ शकतो. पायात अडकवून दोरी चढवायची सवय असेल तर रीकर्व्ह हमखास पिळते. दोरी चढवायला वेगळी दोरीच वापरा, म्हणजे स्ट्रिंगर. लाँगबोच्या निमुळत्या टोकावरून रबरी ठोकळ्याचा स्ट्रिंगर घसरू शकतो, त्याला दोन्हीकडे खोळ असलेला घ्या.

मांडवीपार
१९ मे, सकाळी ६.४०

आता जुळवणीचं. प्रत्येक जोडीमागे वहीत एक पान ठेवा. माझ्या पानावर असतं: काट्यावरचे पौंड, ब्रेस, वरचा आणि खालचा टिलर, बोल्टचे वेढे, नॉकिंग पॉइंट, बाण.

टिलर म्हणजे दोरीपासून लिम्बच्या बुडापर्यंतचं अंतर, वरचं आणि खालचं. एक बोट वर, दोन खाली असं धरणाऱ्याला वरचं अंतर ३ ते ६ मिलिमीटर जास्त चालतं. तिन्ही बोटं खाली धरणाऱ्याला दोन्ही सारखी ठेवलेली बरी. लिम्ब बदलले की टिलर नव्याने बघायचा, जुन्या जोडीचा नवीला लागू होतोच असं नाही. बोल्ट फिरवून आयएलएफमध्ये साधारण दहा टक्के पौंड खाली-वर होतात. मात्र दोन्ही बोल्ट सारखेच फिरवायचे आणि निर्मात्याने सांगितलेल्या मर्यादेबाहेर सोडायचे नाहीत. पोफळीखाली, तुम्ही रीकर्व्हचे बोल्ट थोडे सोडून ४० चे ३८ केलेत तर मला बरं वाटेल.

दोऱ्या दोन असल्याचा एक फायदा असा, की नॉकिंग पॉइंट ज्याचा त्याच्या दोरीवर कायम राहतो. दोरीच्या फाशाला रंगीत धागा बांधा. माझ्या लाँगबोच्या दोरीला लाल, रीकर्व्हच्या दोरीला काही नाही. घाईत अंधारात पिशवीतून काढताना कामी येतो.

बाणावलीची
२४ मे, संध्याकाळी ६.००

पाऊस आठवड्यावर आलाय म्हणून हे इथेच लिहून ठेवते.

मी समुद्राजवळ राहते. परशुरामाचा बाण जिथे पडला म्हणतात ते आमचं गाव, पण खाऱ्या हवेला त्याचं काही नाही. बोल्टच्या आट्यांना दर पंधरा दिवसांनी ग्रीसचा हात फिरवते, नाहीतर मिठाने अडकतात. लिम्ब कापडी खोळीत घालून आडवे ठेवते, भिंतीला टेकवून उभे कधीच नाही. चामड्याचा टॅब (बोटांवरचा पट्टा) आणि शेल्फची पट्टी बुरशी धरतात, ती बाहेर हवेशीर. दोरीला मेण जास्त. पिसं भिजली की चपटी होतात आणि शेल्फवरून मारणाऱ्याला पिसांऐवजी प्लास्टिकचे व्हेन चालत नाहीत, रायझरला लागून बाण उडतो. म्हणून पावसाळ्यात मी पडवीत पाच मीटरवरून, डोळे मिटून, नुसती ओढ आणि सुटका करते. हलके लिम्ब तेव्हाच कामाला येतात.

आणि मे महिन्यात गाडीत धनुष्य ठेवू नका. माझी पहिली रीकर्व्ह जोडी कोलव्याला एका दुपारी बंद गाडीत राहिली. फायबर आणि लाकूड यांच्यातला थर सुटला, काठावर केसाएवढी रेघ दिसली. ती जोडी परत कधी चढवली नाही.

नवखा म्हापसा
२४ मे, रात्री ८.४५

२६ पौंडांची एक रीकर्व्ह जोडी बघून ठेवलीय. काटा आधी घेतला. डुकरांचं विचारलं त्याबद्दल माफ करा, कायदा माहीत नव्हता.

मांडवीपार
२४ मे, रात्री ९.००

माफीचं काही नाही, विचारलंत हे चांगलं केलंत. रायझर २३ किंवा २५ चा घ्या, शिकायला लांब धनुष्य क्षमाशील असतं.

पोफळीखाली
३० मे, रात्री ९.५०

नवे बाण आले, काल-आज मिळून दीडशे मारले. वहीतलं पान असं झालंय.

लाँगबो: २७ ला ३१.५ पौंड, ब्रेस ७ इंच, वरचा टिलर ४ मिलिमीटर जास्त, नॉकिंग पॉइंट १३ मिलिमीटर वर, बाण ६०० स्पाइन, १२५ चं टोक. बिनपिसांचा बाण दहा मीटरवर पिसांच्या गटातच.

रीकर्व्ह: बोल्ट दोन्हीकडे सारखे सोडून ३८ पौंड, ब्रेस ८ इंच, टिलर ५, नॉकिंग पॉइंट १६, बाण ५०० चेच. हिच्यावर बिनपिसांचा बाण किंचित डावीकडे झालाय, दोन पौंड कमी केल्यामुळे असणार. १५० चं टोक लावून बघेन.

लाँगबोच्या दोरीला लाल धागा बांधला. देव बरें करूं सगळ्यांना, विशेषतः ताईंना, त्यांचे चार बाण धुऊनपुसून परत देतोय.

आज संध्याकाळी पहिली सर आली. पेंढ्याच्या भाऱ्यांवर ताडपत्री टाकली, रीकर्व्ह उतरवून खोळीत घातली. लाँगबोचे लिम्ब रायझरवर ठेवलेत, चवथीपर्यंत त्यांच्यावरच, पडवीत.